ड्रोनचं शेपूट आपल्याकडे

तीस वर्षं मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि तीस वर्षं झाडं खालूनच पाहिली. खोड, साल, हात पोचेल तिथपर्यंतची पानं आणि फुलं. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता झाडांचे शेंडे पाहावेत, वरून. म्हणून ड्रोन घेतला.

पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून तो तिसऱ्यांदा उडवला, तेव्हा दोन उंच इमारतींच्या मधल्या फटीत गेल्यावर त्याला उपग्रह मिळेनासे झाले. तोपर्यंत माझी समजूत होती की हवेत एका जागी उभं राहणं हा ड्रोनचा स्वभावच आहे. तसं नसतं. जीपीएसवरून आपण कुठे आहोत हे कळत असतं तोवरच तो जागा धरतो. ते कळेनासं झालं की वारा नेईल तिकडे घसरत जातो. माझा घसरत निघाला. मी घाबरून रिमोटच्या दोन्ही स्टिक हाताला येतील तशा दाबल्या, आणि तो समोरच्या इमारतीच्या सातव्या मजल्यावर जाऊन आदळला. तिथे एक माणूस खिडकीबाहेरच्या लोखंडी जाळीवर बसून एसी दुरुस्त करत होता. पात्याचा तुकडा त्याच्या कानाजवळून गेला. तो आधी हसला, मग जाळीला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला. मी धावत वर गेले तेव्हाही तो तसाच बसलेला होता. "काही नाही झालं, ताई," एवढंच म्हणाला. त्याचा तो आवाज माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही.

सोसायटीने नोटीस लावली. मी ड्रोनला नवी पाती बसवली आणि त्याला कपाटात ठेवून दिलं. पुढे कधीतरी माझी जुनी विद्यार्थिनी वैशाली फोनवर बोलताना हे सगळं ऐकून म्हणाली, "मॅडम, तुम्ही आमच्याकडे या. मेहकरजवळ डोणगावला रशीदभाई म्हणून आहेत, लग्नाचं शूटिंग करतात. माझ्या लग्नात त्यांचा ड्रोन पत्र्याच्या कार्यालयात, छताखाली, पंख्यांच्या मधून फिरत होता. पत्र्याखाली कुठला आलाय जीपीएस?"

हे मला पटलं. ज्या माणसाला जीपीएस कधी मिळतच नाही, त्याच्याकडेच ही विद्या असणार. मार्च सुरू झाला होता आणि पळस फुलले होते. मी चार दिवसांचे कपडे आणि ड्रोन घेऊन निघाले.

डोणगाव, पहिला दिवस

रशीदभाई साठीला आलेले, मूळचे शिंपी. पुढच्या खोलीत अजून दोन शिलाई मशिनी आहेत. एकीवर त्यांच्या पत्नी, शबानाभाभी, ब्लाउज शिवतात. दुसरी बंद असते, आणि तिच्या लाकडी झाकणाखाली त्यांचा ड्रोन राहतो. माझी सोय वरच्या खोलीत केली होती.

मी माझा ड्रोन काढून टेबलावर ठेवला. रशीदभाईंनी तो एखादं कापड पाहावं तसा बोटांनी चाचपला आणि परत पेटीत ठेवला.

"मॅडम, याचं आज काम नाई."

"मग आज काय करायचं?"

"आज तुमी ड्रोन."

मला वाटलं, ही बोलायची पद्धत असेल. अर्ध्या तासाने मी गावाबाहेर, हरभरा काढून रिकाम्या झालेल्या शेतात उभी होते, दोन्ही हात पसरून. रशीदभाई वीस पावलांवर हातात बिनबॅटरीचा रिमोट घेऊन उभे होते. ते स्टिक दाबायचे, काय दाबलं ते मोठ्याने सांगायचे आणि मी तसं चालायचं. नाक म्हणजे ड्रोनचं तोंड, पाठ म्हणजे शेपूट.

पाठ त्यांच्याकडे होती तोवर सोपं होतं. ते डावीकडे म्हणाले की मी डावीकडे जायचे. मग त्यांनी मला त्यांच्याकडे तोंड करून उभं केलं आणि पुन्हा "डावीकडे" म्हणाले. मी माझ्या डावीकडे गेले.

"पाह्यलं? मी डावी दाबली, अन् तुमी माह्या उजवीकडे गेल्या. तुमची चूक नाई. ड्रोनचीबी नसते. त्याचं तोंड आपल्याकडे आलं का आपली अक्कल उलटी होते. मंग मानूस घाबरते अन् काईबी दाबते."

"मी तेच केलं पुण्यात."

"सगळेच करतात. म्हनून एकच करा. काईबी बिघडलं, का आधी त्याचं शेपूट आपल्याकडे करा. मंग डावं थे डावं, उजवं थे उजवं. पुढचं मंग पाहू."

दुधाचे कॅन लावलेली एक मोटरसायकल बांधावर थांबली. वरचा माणूस थोडा वेळ माझ्या पसरलेल्या हातांकडे पाहत राहिला.

"रशीदभाई, बाईले काय झालं?"

"काई नाई. बाई ड्रोन हाये."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "किती उंच जाते?"

"आजच सुरू केलं."

हे उत्तर त्याला पुरेसं वाटलं. त्याने गाडी बंद केली आणि बांधावर बसला.

पुढचा धडा थांबण्याचा होता. जीपीएस असला की स्टिक सोडताच ड्रोन जागेवर उभा राहतो. नसला की घसरतच जातो, आणि थांबवायचा तर उलट्या दिशेची स्टिक द्यावी लागते. "मी उलटं म्हनेपर्यंत तुमी चालत राह्याचं," रशीदभाईंनी बजावलं आणि मला पुढे सोडलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कोणाच्या तरी हळदीची वेळ बदलली होती. ते पाठ वळवून बोलू लागले.

मी चालत राहिले. आता वाटतं, थांबायला हरकत नव्हती. पण मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना प्रयोग अर्धवट सोडू नका म्हणून सांगितलं होतं, आणि बांधावर एक प्रेक्षकही होता. हरभऱ्याचं शेत संपलं. मी गव्हाच्या कडेने गेले, काटेरी कुंपणातल्या वाटेने पलीकडे निघाले आणि हात पसरलेल्या अवस्थेत एका घराच्या अंगणात शिरले. तिथे एक म्हातारी बाई खाटेवर कापड अंथरून मुगवड्या घालत होत्या. त्यांचं नाव पार्वताबाई, हे नंतर कळलं.

"कोठी चालल्या, बाई?"

"मला कोणी थांबवलं नाही," मी म्हणाले. खरं तेच होतं.

"मंग मी थांबोतो ना. बसा."

मी बसले. त्यांनी हात धुतले, आत गेल्या आणि भाकरी, ठेचा, फोडलेला कांदा आणि वाटीभर ताक घेऊन आल्या. मी कोण, कुठली, हात असे का धरले होते, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. आमच्या पुण्यात न सांगता कोणाच्या दारात शिरलं तर दाराची साखळी न काढता "काय काम आहे?" असं विचारतात, आणि ते विचारणंही बरोबरच असतं. इथे मी पहिली भाकरी संपवून दुसरी घेतली तेव्हा रशीदभाई आणि दूधवाला धापा टाकत पोचले.

"मॅडम, थांबाचं ना."

"तुम्ही उलटी स्टिक दिली नाहीत."

रशीदभाई कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत राहिले. मग पार्वताबाईंकडे वळून म्हणाले, "मावशी, बाईले समजलं बरं."

दूधवाल्यालाही भाकरी मिळाली.

डोणगाव, दुसरा दिवस

सकाळी शबानाभाभींनी स्वयंपाकघरातून जेवण बांधायचा चंदेरी कागद आणला. रशीदभाईंनी कात्रीने त्याचा गोल कापला, चार ठिकाणी चुण्या घातल्या आणि माझ्या ड्रोनच्या डोक्यावर नेमकी बसेल अशी टोपी केली. शिंपीच ते. टोपीखाली जीपीएस झाकला जातो, वरून उपग्रहांचं काही पोचत नाही. खाली जमीन पाहणाऱ्या बारीक डोळ्यांवरही त्यांनी काळी पट्टी चिकटवली.

"आता हा आंधळाबी हाये अन् बहिराबी. आता फक्त तुमी हाये."

शेतात आम्ही तो छातीच्या उंचीवर उडवला, त्याहून वर नाही. माणसं सगळी माझ्या पाठीमागे, समोर फक्त रिकामी जमीन. पहिल्या दहा मिनिटांत तो दोनदा ढेकळांत आणि एकदा कुटाराच्या ढिगात गेला. हरभऱ्याचं ते कोरडं भुसकट त्याच्या पात्यांनी असं उडवलं की रशीदभाईंच्या दाढीचा रंग बदलला. ते शांतपणे दाढी झाडत म्हणाले, "वारा कोनत्या बाजूनं हाये थे समजलं?"

समजलं होतं. हळूहळू बोटांना कळू लागलं की त्याला ढकलायचं थोडं आणि आवरायचं लगेच. पाण्यात तरंगणारं परातीसारखं काहीतरी लांबून काठीने सांभाळावं, तसं. दुपारपर्यंत मी वाकडातिकडा का होईना, एक चौकोन पुरा केला. दूधवाल्याने टाळी वाजवली. तो दुसऱ्या दिवशीही वेळ काढून आला होता.

जेवायला भाभींनी पातोडीचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या आणि वर लाल तेलाचा तवंग. मी पहिल्या घासाला डोळे पुसले, तशी त्यांनी न बोलता माझ्या पानात तूप वाढलं. जेवताना मी विचारलं की या भागात जीपीएस बिघडण्याचं खास कारण काय.

"लोनार," भाभी म्हणाल्या. "तिथला दगड ओढते."

लोणारच्या विवराभोवतीच्या काही दगडांपाशी होकायंत्राचा काटा भरकटतो, असं मीही ऐकलं होतं. पण त्यामुळे इतक्या लांबचा ड्रोन बिघडेल हे मला पटेना. तर भाभींनी बोटांवर मोजून दाखवलं की लोणारच्या दगडाने आजवर काय काय ओढलं आहे: शेजारच्यांची डिश अँटेना, जावयाचं घड्याळ, आणि एकदा मेहकरची वाट चुकून आलेला पूर्ण वऱ्हाडाचा ट्रक.

"दगड नाई," रशीदभाई म्हणाले. "टिनपत्रा, लोखंडाचे टॉवर, उंच भिंती, दाट झाडं. याच्यापाशी होते. पन तिचा विश्वास हाये, त मी बोलत नाई."

मग त्यांनी मला सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सांगितली. ड्रोनच्या रिमोटवर एक बटण असतं, ते दाबलं की ड्रोन आपोआप घरी परत येतो. बॅटरी संपत आली तर न दाबताही येतो. प्रश्न असा की त्याचं घर कुठलं?

"सॅटेलाइट भेटले का जिथं असंन तिथं तो घर लिहून घेते. आपन कुठून उडवला, त्याले काय माहीत? माहा पयला ड्रोन मी लिंबाखालून उडवला. झाडाखाली सॅटेलाइट नाई. वर गेला, सरकला, अन् इहिरीवर आला तवा भेटले. त्यानं इहीर लिहून घेतली. मंग मी घरचं बटन दाबलं."

"आणि?"

"गेला घरी. एकदम सरळ. पान्यात जाईपर्यंत लाइट चालू होता." त्यांनी भाकरी मोडली. "म्हनून आधी उघड्या जागी खाली ठेवाचा. घर लिहून झालं असं थो सांगते. सांगल्याशिवाय उचलू नोका."

मी वहीत लिहून घेतलं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात "मला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय उरली नाही.

तिसरा दिवस असाच सरावात गेला. रशीदभाई ज्या गावात ड्रोन काढायचा तिथल्या पोलीस पाटलांना आधी फोन करत. दुसऱ्या दिवशी चिखलीजवळच्या उंद्रीला लग्न होतं, म्हणून माझ्यासमोर त्यांनी तिकडे फोन लावला. पलीकडून विचारणा झाली की ड्रोन कोण उडवणार. "मी एक, अन् पुन्याच्या बाई एक," ते म्हणाले. बराच वेळ पलीकडचं ऐकून घेतल्यावर त्यांनी उत्तर दिलं, "नाई, त्या स्वतः उडत नाईत आता."

उंद्री, चौथा दिवस

उंद्रीचं मंगल कार्यालय म्हणजे शेताच्या कडेला एक लांबच लांब पत्र्याची शेड. मागे छोटं अंगण, अंगणाच्या डाव्या हाताला गावाची पाण्याची उंच टाकी. टाकीच्या सावलीत गॅसच्या चुली मांडल्या होत्या आणि जेवणाची टेबलं लावली होती. अंगणाच्या पुढे कापणी झालेलं मोकळं शेत, आणि त्या शेताच्या टोकाला अकरा पळस, एका रांगेत, पान एकही नाही आणि सगळे फुललेले. मी ते पाहिले आणि बाकीचं सगळं माझ्या डोक्यातून गेलं.

बेत साधा होता. रशीदभाई आत मंगलाष्टकांचं शूटिंग करणार. तेवढ्या वेळात सगळी माणसं आत असणार, तेव्हा मी मागून ड्रोन उडवून पळसांचे शेंडे टिपायचे आणि शेवटच्या अक्षता पडायच्या आत उतरवायचा. माणसांवरून न्यायचा नाही. टोपी, पट्टी काही नाही, आज जीपीएस होता.

आत गुरुजींनी सूर लावला. भोंगा मागच्या बाजूलाही होता. आता घाई करायला हवी असं मला वाटलं, आणि उघड्या शेतात चालत न जाता मी शेडच्या पत्र्याला लागून, अंगणातच ड्रोन खाली ठेवला आणि उडवला. घर लिहिल्याचं त्याने सांगितलं नव्हतं. मी ऐकायला थांबलेच नव्हते.

पत्र्याच्या वर येताच तो वाऱ्याने डावीकडे सरकला. मी शिकल्याप्रमाणे त्याला आवरलं. थोड्या वेळाने रिमोटला लावलेल्या फोनमधून एक बाई गोड आवाजात काहीतरी म्हणाली. उपग्रह मिळाले असावेत एवढं मला कळलं आणि बरं वाटलं. मी त्याला शेतावरून पळसांकडे नेलं.

वरून पळस कसे दिसतात ते मी सांगायचा प्रयत्न करणार नाही. एवढंच सांगते की खालून ज्यांना मी तीस वर्षं केशरी म्हणत आले, ते वरून एका रंगाचे नाहीतच. मी फोटो काढत राहिले. आत एक मंगलाष्टक संपलं, दुसरं सुरू झालं. मग ती बाई पुन्हा बोलली. या वेळी फोनचा पडदाही लाल झाला.

इथे माझ्या चष्म्याबद्दल सांगायला हवं. लांबचं पाहायचा चष्मा डोळ्यांवर होता, जवळचं वाचायचा पर्समध्ये. ड्रोन दिसत होता, पडद्यावरची अक्षरं दिसत नव्हती. मी पर्स शोधून चष्मा बदलला. लिहिलं होतं: बॅटरी कमी, घरी परतत आहे. मी पुन्हा चष्मा बदलून वर पाहिलं तर ड्रोन पळसांकडून निघून मोठ्या शहाणपणाने टाकीच्या दिशेने चालला होता.

त्याच क्षणी मला कळलं की ती बाई पहिल्यांदा काय म्हणाली होती. तो वाऱ्याने सरकून टाकीपाशी गेला तेव्हा त्याने घर लिहून घेतलं होतं.

टाकीच्या घुमटाखाली, कडेला, तीन आग्या मोहोळं लटकत होती. पोत्याएवढी. सकाळी आल्याबरोबर रशीदभाईंनी ती मला दाखवली होती, आणि त्यांच्याखाली आचारी जिलेब्या तळत होते. शेवटचं सावधान झालं की आतली तीन-चारशे माणसं, लहान मुलांसकट, बॅंडच्या तालावर त्याच टाकीखाली जेवायला येणार होती.

ड्रोन टाकीवर पोचला, थांबला आणि उतरू लागला. मी परतणं रद्द करायचं बटण दाबलं. तो थांबला, पण तोवर घुमटाच्या कडेपर्यंत खाली आला होता. मग टाकीच्या आडोशाला त्याचे उपग्रह तुटले आणि तो वाऱ्याबरोबर मोहोळांकडे सरकू लागला. मला ती खिडकीबाहेरची लोखंडी जाळी आठवली आणि तिला धरलेले दोन हात.

मुख्य आचारी, देविदास नावाचे जाडजूड गृहस्थ, झारा हातात धरून वर पाहत होते.

"काका," मी जमेल तितक्या शांतपणे म्हणाले, "चुली बंद करा आणि सगळ्यांना घेऊन आत जा. रशीदभाईंना सांगा, ड्रोन मोहोळापाशी आहे. बाहेर कोणाला सोडू नका म्हणावं."

देविदासकाकांनी वर पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गॅस बंद केला. त्यांनी त्यांच्या माणसांना आणि दाराशी सज्ज उभ्या असलेल्या बॅंडवाल्यांना हाताने आत हाकललं. जाताना जिलेबीची परात तेवढी बरोबर घेतली.

पुढचं आतलं मला नंतर कळलं. रशीदभाईंचा ड्रोन त्या वेळी नवरानवरीच्या डोक्यावर होता. त्यांनी तो खाली घेतला आणि गुरुजींच्या कानाशी जाऊन म्हणाले, "गुरुजी, मंगलाष्टकं वाढवा. बाहेर आग्या मोहोळ हाये. मी हात वर करीन तवाच थांबा. कोनाले सांगू नोका, नाईतर पळापळ होईन." गुरुजींनी मान हलवली. त्यांच्या सुरात तसूभरही फरक पडला नाही.

बाहेर मी होते आणि ड्रोन होता. आधी शेपूट आपल्याकडे. मी त्याला हळूहळू फिरवलं. इतक्या लांबून तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते कळेना, मग मागचा बारीक दिवा दिसला. आता डावं ते डावं. मी उजवी स्टिक थोडी दिली. काही झालं नाही. मोहोळाची कड काळी, ओली, हलती दिसत होती. आणखी थोडी दिली. तो थरथरत थांबला आणि उजवीकडे यायला लागला. लगेच उलटी देऊन आवरला, नाहीतर घसरतच गेला असता.

आतून आणखी एक "सावधान" आलं. मी मनात म्हटलं, आहे मी.

मोहोळावरच्या काही माश्या उठल्या होत्या आणि ड्रोनभोवती फिरत होत्या. मी त्याला शेताकडे ढकलत राहिले, थोडं ढकलून थोडं आवरून. मंगलाष्टकांमागून मंगलाष्टकं येत होती. मी मोजत नव्हते, पण लग्नात इतकी कधी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं. शब्दांकडे लक्ष द्यायची माझी स्थिती नव्हती. आतल्या लोकांच्या मुठीतल्या अक्षता सहाव्यालाच संपल्या होत्या, तरी प्रत्येक सावधानला ते रिकामे हात उडवत होते. नवरदेवाचे हात हार धरून दुखू लागले, तेव्हा मागून त्याच्या मामांनी कोपरांना आधार दिला.

शेताच्या मध्यावर मी ड्रोन खाली आणला. शेवटचे दोन हात तो उतरला नाही, पडला. एक पातं मोडलं, बारीकशी धूळ उडाली आणि तो निपचित झाला. माश्या थोडा वेळ त्याच्यावर घिरट्या घालून टाकीकडे परत गेल्या. मोहोळं होती तशी लटकत राहिली.

मी शेडच्या दारात जाऊन हात वर केला. रशीदभाईंनी आत हात वर केला. गुरुजींनी शेवटचं सावधान म्हटलं, आणि आतल्या आत, पत्र्याखाली, बॅंड असा वाजला की अजून माझ्या कानात आहे. जेवणाची टेबलं उचलून शेडच्या पुढच्या बाजूला मांडायची, असं देविदासकाकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. कोणी कारण विचारलं तर ते "ऊन" म्हणत होते.

रशीदभाई माझ्यापाशी आले. मी सगळं सांगितलं, कुठून उडवला तेही.

"घर कुठं लिहिलं थे पाह्यलं नाई तुमी."

"नाही."

"तुमी वहीत लिहिलं होतं."

"हो."

"आज लोकं वाचले, थे तुमी आवरला म्हनून. पन आवराची पाळी आली, थे बी तुमच्यामुळंच. दोन्ही ध्यानात ठेवा." मग ते मोडलेलं पातं बोटांत फिरवत म्हणाले, "शेपूट फिरवलं ना आधी?"

"फिरवलं."

"मंग जेवा आता." आणि ते नवरीच्या आत्यांचे फोटो काढायला गेले. भाताचा पहिला घास तोंडात जाईपर्यंत निम्मा पानात सांडला.

पंगतीत माझ्या शेजारी गुरुजी बसले. सडपातळ, पन्नाशीचे, घसा बसलेला. मी त्यांची क्षमा मागितली आणि आभारही मानले. ते म्हणाले, "माझ्याजवळची पाचात संपली, बाई. मग दोन कुळाचाराची म्हटली. तरी रशीदचा हात वर होईना. मग जे सुचलं ते वृत्तात बसवत गेलो. अकराव्याला काहीच सुचेना, तेव्हा एसटी घेतली."

"एसटी?"

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बसलेल्या घशाने, हळू आवाजात म्हणून दाखवलं:

"उंद्रीहून निघे पुढे हळुहळू गाडी पहा लाल ती,
थांबे ती चिखलीस जाउन उभी, सारे तिच्या भोवती."

"कोणाच्या लक्षात आलं नाही?"

"सुरात म्हटलं की लोक अक्षता टाकतात," गुरुजी म्हणाले.

समोरच्या पंगतीत एक म्हातारे गृहस्थ बराच वेळ आमच्याकडे पाहत होते. ते नवरदेवाचे चुलत आजोबा निघाले. जिलेबी खाली ठेवून ते पुढे झुकले.

"गुरुजी, एक बोलू का? मी त्या रोडले एसटीत कंडक्टर होतो. उंद्रीवरून गाडी सुटली का आधी अमडापूर येते. तुमी अमडापूर घेतलंच नाई."

गुरुजींनी पाण्याचा घोट घेतला. "बरोबर आहे तुमचं. पण अमडापूर वृत्तात बसत नव्हतं."

आजोबांनी यावर नीट विचार केला.

"नसंन बसत," ते म्हणाले. "पन गाडी तिथं थांबते."